नव्या संसारातली रोजची उपकारस्तुती: कामाला कशी बांधायची?

पारिजात

लग्न ठरलं की मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मुलीला बरंच काही सांगतात: प्रार्थना सोडू नकोस, बायबल वाच, रविवार चुकवू नकोस. उपकारस्तुती कर, म्हणजे देवाचे आभार मान, हेही सांगतात. पण ती सोमवारी सकाळी सव्वासहाला, एका शेगडीवर डबा आणि दुसऱ्या शेगडीवर चहा असताना कशी करायची, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या संसारात रोजचे लहान आनंद भरपूर असतात आणि तेच सर्वात आधी दिसेनासे होतात. इथे प्रत्यक्ष पद्धती लिहूया. मराठी ख्रिस्ती घर नगरचं असो, वसईचं, पुण्याचं किंवा मिरजेचं, सगळ्यांचं स्वागत आहे.

माझं म्हणणं एवढंच: आभारासाठी वेगळा वेळ काढला तर तो पाहुणे, आजारपण, परीक्षा यांत पहिला जातो. कामाला बांधला तर टिकतो, कारण काम रोज करावंच लागतं. तीन जागा चांगल्या आहेत.

पहिली, सकाळचा चहा. दोन कप पाण्याला उकळी यायला गॅसवर तीन-चार मिनिटं लागतात. तेवढी पुरतात. या वेळात काही मागायचं नाही, हा नियम कडक ठेवा. मागणं सुरू झालं की मन लगेच राहिलेल्या कामांकडे वळतं.

दुसरी, ताटं वाढून झाल्यावर. तिसरी, रात्री दिवे मालवण्याआधी.

चूक कुठे होते? 'सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद' या वाक्यात. दोन आठवड्यांत ते जिभेवर बसतं आणि मन त्यातून निघून जातं. त्याऐवजी एका वाक्यात वस्तू, माणूस आणि वेळ अशा तीन गोष्टी याव्यात. उदाहरणार्थ: 'प्रभू, काल रात्री आईंनी मेथी निवडून ठेवली म्हणून आज डबा वेळेत झाला, तुझे उपकार.' असं वाक्य उद्या पुन्हा म्हणता येत नाही, नवं शोधावं लागतं, आणि शोधायचं म्हणजे दिवसभर लक्ष ठेवावं लागतं.

ताटावरच्या प्रार्थनेसाठी एक छोटा नमुना देते, पंधरा सेकंदांत होतो: 'प्रभू येशू, हे अन्न पिकवणाऱ्या, आणणाऱ्या आणि रांधणाऱ्या हातांसाठी तुझे उपकार मानतो. आज ज्यांच्या ताटात कमी आहे त्यांची आठवण आम्हांला राहू दे. आमेन.' यात रोज एक नाव घाला: भाजीवाल्या मावशी, दूधवाले काका, ज्याने पीठ दळून आणलं तो.

---

वसईची_वेल

छान धागा. कॅथलिक घरातलं लिहिते. आमच्याकडे संध्याकाळची जपमाळ हीच बांधलेली जागा आहे. पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्यांची, पूर्ण जपमाळ नीट म्हटली तर अठरा ते वीस मिनिटं लागतात. प्रत्येक दशकाला येशू-मरीयेच्या जीवनातला एक प्रसंग आठवायचा, त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची रहस्यं सोमवारी आणि शनिवारी, दुःखाची मंगळवारी आणि शुक्रवारी, गौरवाची बुधवारी आणि रविवारी. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली, ती गुरुवारी.

सोमवार आणि शनिवार उपकारस्तुतीसाठी फार सोयीचे. प्रत्येक रहस्याचं नाव घेतल्यावर, 'हे आमच्या बापा' सुरू करण्याआधी, घरातल्या एकाने एक वाक्य बोलायचं, ते असं:

पहिलं रहस्य, गब्रिएल दूताचा निरोप: आज आलेल्या एखाद्या चांगल्या निरोपासाठी.
दुसरं, मरीयेने एलिझाबेथला दिलेली भेट: आज दारात आलेल्या माणसासाठी.
तिसरं, येशूचा जन्म: डोक्यावरच्या छपरासाठी. भाड्याचं असलं तरी.
चौथं, मंदिरातलं समर्पण: तिथे म्हातारे शिमोन आणि हन्ना आहेत, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी.
पाचवं, बाळ येशू मंदिरात सापडला: हरवून परत मिळालेल्या कशासाठीही. किल्ली, पावती, नवऱ्याशी तुटलेलं बोलणं.

वाक्य लहान ठेवा. एकाने दोन मिनिटांचं भाषण केलं की मुलं चुळबुळ करतात आणि पुढच्या सोमवारी कुणी तोंड उघडत नाही.

अडचण वेळेची असते. चर्चगेटहून येणारी लोकल विरारला पोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. नवरा आल्यावर पूर्ण जपमाळ धरली तर जेवण दहाला. अशा दिवशी एकच दशक म्हणा, चार मिनिटांत होतं. पाच होत नाहीत म्हणून शून्य, असं करू नका. आठवडाभर शून्य झालं की परत बसवणं फार जड जातं.

वेदीवरच्या दिव्याबद्दल एक सूचना. नव्या फ्लॅटमध्ये वेदी बहुतेक वेळा टीव्हीच्या वर किंवा खिडकीशेजारी येते. मेणबत्ती आणि पडदा यांच्यात किमान दोन हात अंतर हवं, पंखा थेट वर नको. ज्योत हलत राहिली की काजळी धरते आणि तसबिरीची काच महिन्याभरात काळपट होते. वात बोटाच्या अर्ध्या पेराइतकीच ठेवा, बाकी कापा.

---

जुनं_जातं

अनुमोदन. प्रोटेस्टंट घरांत जपमाळ नाही, पण बायबलमधलं स्तोत्र १३६ आहे, आणि ते घरात वापरायला इतकं सोपं असून फार कमी घरांत वापरलं जातं याचं वाईट वाटतं.

त्यात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीचा दुसरा अर्धा भाग एकच: त्याची दया सनातन आहे. म्हणजे एकाने पहिला अर्धा वाचायचा, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. वाचता न येणारं तीन वर्षांचं मूल आणि चष्मा न सापडणारे आजोबा दोघंही सामील होतात.

रचना बघा. ४ ते ९ मध्ये आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र. १० ते २२ मध्ये मिसरातून सुटका, लाल समुद्र, रान, राजे. आणि मग २५ वी ओवी: तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. समुद्र दुभंगणं आणि ताटातली भाकरी एकाच यादीत, एकाच पालुपदाखाली. रोजच्या आनंदासाठी आभार मानणं बालिश आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांना ही ओवी दाखवा.

रोजच्या वापरासाठी १७ ते २२ गाळलं तरी चालतं. सीहोन आणि ओग राजांची नावं आली की मुलं अडखळतात आणि लय मोडते. उरलेल्या २० ओव्या तीन मिनिटांत होतात.

पुढची पायरी घरच्या ओव्या जोडण्याची. २५ वी झाली की थांबायचं आणि प्रत्येकाने दिवसातली एक ओळ म्हणायची. 'ज्याने आज नळाला वेळेवर पाणी आणलं', बाकी सगळे: 'त्याची दया सनातन आहे'. 'ज्याने बाळाचा ताप उतरवला', पुन्हा पालुपद. मग २६ वी म्हणून शेवट. ओळ 'ज्याने' किंवा 'जो'ने सुरू करायची, म्हणजे ती आपोआप देवाकडे वळते. हे सोडलं तर ओळी 'आज मला खूप छान वाटलं' अशा होतात आणि पालुपद त्यांना चिकटत नाही.

गाण्याचंही सांगतो. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) आपल्या लोकांसाठी अभंग आणि भजनं लिहिली, परदेशी चालींवरच मंडळी थांबू नये म्हणून. त्याचा घरात फायदा असा की अभंगाला पेटी-तबला लागत नाही. भाकरी थापताना हाताचा ताल असतोच, त्यावर तो बसतो. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली दोन पदं पाठ करा, एक सकाळचं, एक संध्याकाळचं. दोनच. पुस्तक उघडून गायचं ठरवलं तर पिठाच्या हातांनी ते होत नाही.

---

कोवळं_ऊन

नवरा पाळीत काम करत असेल तर? एका आठवड्यात सकाळची पाळी, पुढच्यात रात्रीची. एकत्र बसायची वेळ रोज बदलते.

---

पारिजात

@कोवळं_ऊन, घड्याळाऐवजी घटनेला बांधा. 'रात्री साडेनऊला' असं न ठरवता 'तो घरी येऊन हातपाय धुऊन बसला की' असं ठरवा. ही घटना सकाळी सात वाजता घडो नाहीतर रात्री अकराला. रात्रपाळीहून आलेला माणूस थकलेला असतो, त्याच्याकडून प्रार्थनेची अपेक्षा नको. एक मिनिट, तुम्ही दोन वाक्यं, तो आमेन.

ज्या आठवड्यात भेटच उलटसुलट होते तेव्हा डब्यात चिठ्ठी. तिच्यावर एकच ओळ. मोबाइलवर पाठवलं तर ते शंभर निरोपांत जातं, डब्यातली चिठ्ठी जेवणाच्या वेळीच उघडते. कागद पोळीच्या फडक्याबाहेर ठेवा, आत ठेवला तर तेलात भिजून शाई पसरते.

---

दाणापाणी

मुठीच्या धान्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तोंडाने मानलेले आभार आणि हाताने मानलेले आभार यांतला हा दुवा आहे, आणि नव्या गृहिणीला दुसऱ्या कुणाच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या स्वयंपाकघरात करता येतो.

स्वयंपाकासाठी तांदूळ मापून घेतला की त्यातून एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत बायका १९१० पासून हे करत आल्या आहेत. तिकडे त्याला बुहफाइ थाम म्हणतात आणि मंडळीच्या कामाचा मोठा भाग त्या मुठींवर उभा राहिला.

हिशेब: मध्यम हाताची मूठ म्हणजे सुमारे ४० ग्रॅम तांदूळ. दोन वेळा काढली तर दिवसाला ८०, महिन्याला सव्वादोन ते अडीच किलो. घरात कुणाचं जेवण कमी होत नाही, आणि एका माणसाचा बरेच दिवसांचा भात निघतो.

काय बिघडतं ते नीट लक्षात घ्या.

मूठ तांदूळ धुण्याआधी काढा, कोरड्या हाताने. ओला हात लागला तर चार दाणे चिकटून खाली गोळा होतो, तिथे बुरशी धरते आणि सगळा डबा कुबट होतो.

पीठ साठवू नका. नगर-सोलापूरकडे भाकरीचं घर असेल तर पिठाची मूठ काढायचा मोह होतो. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू व्हायला लागतं, ज्वारीचं त्याहून थोडं उशिरा. महिनाअखेरीस दिलेलं ते पीठ घेणाऱ्याला टाकूनच द्यावं लागेल. म्हणून दळणाला देण्याआधी धान्यातूनच काढा: पाच किलोचं दळण असेल तर दोन ओंजळी.

जुना आणि नवा तांदूळ मिसळू नका. जुन्याला पाणी जास्त लागतं, नवा लवकर गिचका होतो. एकत्र शिजवले तर अर्धा भात कच्चा आणि अर्धा लापशी. घरात तांदूळ बदलला की आधीचा डबा देऊन रिकामा करा.

सोंड्यांसाठी कडुनिंबाची सावलीत पूर्ण वाळलेली पानं, फडक्यात बांधून. ओली पानं टाकली तर ओलाव्याने उलट जास्त किडे होतात. पावसाळ्यात डबा महिना थांबवू नका, पंधरा दिवसांनी द्या.

आणि सर्वात महत्त्वाचं: जो तांदूळ घरी खाता तोच. रेशनचा वेगळा आणून त्यातली मूठ काढायची आणि स्वतः आंबेमोहोर खायचा, तर ते दान होईल, उपकारस्तुती होणार नाही.

कुठे द्यायचं? बऱ्याच मंडळ्यांत सुगीच्या उपासनेला धान्य, भाज्या, फळं, अंडी वेदीपुढे आणतात आणि नंतर लिलाव होतो, पैसे मंडळीला जातात. तिथे देता येतं. नाहीतर पाळकसाहेबांच्या पत्नीला विचारा, गरज कुठे आहे ते त्यांना बहुतेक वेळा अचूक ठाऊक असतं. नाव न सांगता पोचवा.

---

वसईची_वेल

@दाणापाणी, सुंदर लिहिलंत. मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन लोकांचा, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाचा, आगेरा हा सुगीचा सण हाच धागा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. मंगळूरकडे नव्या कणसांचा सण ८ सप्टेंबरला, मरीयेच्या जन्मदिनी, गोव्यात तो ऑगस्टमध्ये. मंगळूरच्या घरांत आशीर्वादित दाणे सोलून दुधात किंवा नारळाच्या रसात घालून सगळ्यांना थोडे थोडे देतात आणि त्या दिवशीचं जेवण शाकाहारी असतं. ज्यांची शेती उरली नाही त्यांनीही लोंबी आणून वेदीपाशी वर्षभर ठेवावी. लोंबी उलटी टांगून आठवडाभर वाळवा, नाहीतर दाण्याच्या टोकाशी काळी बुरशी येते.

---

रविवारची_न्याहारी

रविवारवर लिहितो. उपकारस्तुतीचा दिवस आणि घरातल्या सुनेला सर्वात जास्त राबवणारा दिवस हे एकच असता कामा नये. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात, ५:१४ मध्ये, विसाव्याची आज्ञा देताना दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा असं स्पष्ट आहे. कामवाल्या ताईंना रविवारी सुट्टी द्या आणि त्यांचं काम सुनेच्या अंगावर टाकू नका. त्यासाठी शनिवारी रात्री तयारी: कांदा-लसूण-आलं वाटून, मटण मसाला लावून फ्रीजमध्ये, कपडे इस्त्री करून, अर्पणाचे पैसे पाकिटात.

न्याहारीला फुगिया (मैद्याचे तळलेले फुगीर गोळे) करायच्या असतील तर रात्रीच भिजवता येतात. प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, अंडी २, नारळाचं दाट दूध २५० ते २७५ मिली, साखर २ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, वितळलेलं लोणी १ मोठा चमचा. पूर्वी फुगवायला ताडी घालत. आता झटपट यीस्ट, लगेच करायच्या असतील तर दीड छोटा चमचा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायच्या असतील तर पाऊण. नारळाचं दूध कोमट असावं, बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकंच. कढत असेल तर यीस्ट मरतं आणि पीठ फुगतच नाही.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल आणि चिकट हवं. हाताने दहा-बारा मिनिटं फेटायचं: तळाशी हात घालून वर ओढायचं आणि आपटायचं. सुरुवातीला ते तुटतं. मग हळूहळू रबरासारखं लांब खेचलं जातं आणि भांड्याच्या कडा सोडतं. हे झाल्याशिवाय थांबू नका, कारण याच ताणामुळे फुगी गोल राहते.

मिस्साहून परत आल्यावर भांडं पाऊण तास बाहेर ठेवा. तेल मध्यम आच. पिठाचा थेंब टाकला की तीन-चार सेकंदांत वर यावा. हात पाण्यात बुडवून मुठीत पीठ घ्या, मूठ आवळा, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधून सुपारीहून मोठा गोळा वर येतो. तो दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी किंवा चमच्याने तोडून तेलात सोडा. गोल पडला तर स्वतःच उलटतो. शेपटी आली तर पीठ सैल आहे किंवा फेटणं कमी पडलं. बाहेरून तांबूस आणि आत कच्ची राहिली तर तेल जास्त तापलं आहे. तेल प्यायली तर तेल थंड. चाळीसच्या आसपास होतात.

पहिली वाटी ज्याने पीठ फेटलं त्याला. आणि फेटायचं काम नवऱ्याचं, त्याचे हात त्याला पुरतात.

---

निळी_शाई

वहीबद्दल. रोज लिहिण्याचा अट्टहास बऱ्याच जणी दोन महिन्यांत सोडतात. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मकला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि तेवढ्यानेही आयुष्याकडे पाहण्याच्या नजरेत फरक दिसला. त्यामुळे शनिवारी रात्री एकदा, पाच ओळी, एवढं पुष्कळ आहे.

साधी दोनशे पानी वही, डाव्या पानावर उपकार, उजवं कोरं. तीन-चार महिन्यांनी परत वाचताना उजव्या पानावर पुढे काय झालं ते लिहा. तिथे वहीचा खरा उपयोग कळतो. किराण्याच्या हिशेबाच्या वहीत लिहू नका. हिशेब उघडला की चिंता आधी उघडते.

रात्री दोघांनी मिळून करायचं असेल तर संत इग्नाटियस लोयोला यांची दिवसाच्या परीक्षणाची पद्धत आहे, पाच पायऱ्यांची, आणि तिची पहिलीच पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याची. चुका त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. नवरा-बायकोने रात्री एकमेकांच्या चुकांपासून सुरुवात केली तर प्रार्थनेपर्यंत गाडी पोचत नाही.

आभारात तक्रार लपवणंही टाळा. 'आज तरी तू वेळेवर आलास, देवाचे उपकार' हे ऐकणाऱ्याला टोमणाच वाटतो. 'आज आपण एकत्र जेवलो, देवाचे उपकार' म्हणा.

---

मोकळी_खिडकी

सगळं पटतं. एक गोष्ट मात्र या धाग्यात हवीच. उपकारस्तुतीचा वापर सुनेला गप्प बसवायला होतो. 'जे आहे त्यात देवाचे आभार मान' हे वाक्य मार खाणाऱ्या, उपाशी ठेवलेल्या, पगार काढून घेतलेल्या मुलीला ऐकवलं जातं. ते चुकीचं आहे, बायबलच्या दृष्टीनेही. स्तोत्र १३ 'किती वेळ, हे परमेश्वरा' अशा आक्रोशाने सुरू होतं आणि सहाव्या ओवीत गाण्यापर्यंत येतं. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे. रडणं हीसुद्धा प्रार्थना आहे.

मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं असेल तर महिला हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. पाळक किंवा फादर यांच्याशी बोला, पण त्यांनी 'सहन कर' म्हटलं तर तिथे थांबू नका.

---

पारिजात

@मोकळी_खिडकी, हे लिहिलंत ते फार आवश्यक होतं. ज्या आठवड्यात आभार सुचतच नाहीत त्यात चहाच्या वेळी स्तोत्र १३ च्या सहा ओव्या वाचा, एक मिनिट लागतं. जबरदस्तीने आनंद आणू नका.

---

कोवळं_ऊन

घटनेला बांधायचं पटलं. आणखी एक शंका: जेवायला हिंदू किंवा मुस्लिम पाहुणे असतील तेव्हा ताटावरची प्रार्थना करावी का?

---

जुनं_जातं

करावी. आपल्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, मुसलमान बिस्मिल्ला म्हणतात, त्यामुळे कुणाला ते परकं वाटत नाही. ताटं वाढायच्या आधीच सांगा, 'आम्ही जेवणाआधी अर्धा मिनिट प्रार्थना करतो', म्हणजे पाहुण्यांचा घास हातात अडकत नाही. पंधरा सेकंदांचीच करा, पाहुण्यांचं नाव घेऊन त्यांच्या येण्याबद्दल आभार माना, आणि प्रार्थनेतून त्यांना उपदेश करू नका.